राखीव सहा बाइट

माणसांच्या चुका काढायची खोड काकांना नोकरीमुळे लागली, की ती होतीच म्हणून ही नोकरी मिळाली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ऑफिसात त्यांना करेक्शनकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे पूर्ण पदवी. जेवताना कुणी बोलण्याच्या ओघात म्हणालं की गच्चीवरची टाकी हजार लिटरची आहे, तर दोन टेबलं पलीकडून आवाज यायचा, "साडेसातशे." आणि चीड आणणारी गोष्ट अशी, की टाकी खरंच साडेसातशेचीच असायची. अशा माणसाबरोबर घास कुणाच्या घशाखाली उतरणार? हळूहळू त्यांच्या टेबलाच्या खुर्च्या दुसऱ्या टेबलांना जाऊन लागल्या आणि काका डबा एकटेच खायला लागले. आपण एकटे पडलो ते नेहमी बरोबर असतो म्हणून, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. असली समजूत पटायला फार वेळ लागत नाही.

त्यांचं काम समजायला अवघड नाही. हॉस्पिटलात रोग्याच्या उशाशी औषधाचा पंप असतो, थेंबाथेंबाने औषध सोडणारा. कुणाला किती औषध, किती वेगाने, हे तो पंप आपल्या मेमरीत लिहून ठेवतो. ही मेमरी पानापानांची असते, आणि वहीच्या पानाला असतो तसा तिच्या प्रत्येक पानाला समास असतो. मजकूर पानावर लिहायचा आणि दुरुस्तीचे आकडे समासात. मेमरी जुनी झाली, तापली, की मजकुरातला एखादा ठिपका आपोआप उलटतो, शून्याचा एक होतो. समासातले आकडे मजकुराशी ताडून पाहिले की कुठला ठिपका उलटला ते कळतं आणि तो परत सरळ करता येतो. हे ताडून पाहायचं काम कंट्रोलर नावाची चिप करते. तिने समासात काय, कुठे आणि किती लिहायचं, हे ठरवायचे काका. पंचवीसएक वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

समास चौसष्ट बाइटचा. बाइट म्हणजे एका अक्षराची जागा. त्यातले बावन्न दुरुस्तीला जात, दोन कारखान्याच्या खुणेला, चार हिशेबाला. उरले सहा. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली त्या सुमाराला काका या पंपाची मांडणी करत होते. घरात एकाएकी शांतता झाली होती, ऑफिसात ती आधीपासूनच होती. त्या सहा रिकाम्या जागांकडे बघत असताना काकांच्या लक्षात आलं, की मुलीचं घरातलं नाव मशीनच्या, म्हणजे इंग्रजी, अक्षरांत लिहिलं तर बरोब्बर सहा अक्षरं होतात. ढब्बू. जन्मली तेव्हा नुसते गालच गाल होते, तेव्हापासून ढब्बू. शाळेच्या बाकावर पोरं कर्कटकाने कोरतात तसं काकांनी गंमत म्हणून ते नाव त्या सहा जागांत बसवलं आणि कागदोपत्री पुढे लिहिलं: राखीव. तपासणाऱ्यांनी राखीव वाचलं आणि मान डोलावली. राखीव म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

तेव्हापासून कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पंपाच्या मेमरीत, प्रत्येक पानाच्या समासात, ढब्बू लिहिलेलं होतं. हजारो पंप, आणि प्रत्येकात हजारो पानं. काकांनी हे कुणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ती हसली असती आणि मग रात्री जेवताना फोनवर मुलीला सांगून मोकळी झाली असती, आणि मुलीने चिडवलं असतं, ते काकांना नको होतं. खरं तर चिडवलं असतं तर बरं झालं असतं, पण हे त्यांना फार उशिरा कळलं.

बायको गेली. आजारपण लहानसं होतं, जाणं अचानक. मुलगी धावत आली, तेरा दिवस राहिली, परत गेली. फोन करायची, पण बाप-लेकीचं बोलणं आजवर आईच्या मध्यस्थीने चाललेलं. आता दोघं नुसते एकमेकांना जेवलात का, जेवलीस का विचारायचे. वर्ष झालं त्या दिवशी तिचा लांबलचक मेसेज आला. इतकं तिने बापाला आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. त्या मंगळवारी सकाळी आई गेली तेव्हापासून आपल्याला घर असं उरलंच नाही, असं तिने लिहिलं होतं. तुम्हाला कधी रडू येतं का, हेही विचारलं होतं. मी तुमच्याकडे येऊन राहिले तर चालेल का, असं शेवटी होतं.

काकांनी तो मेसेज खिडकीशी उभं राहून वाचला. डोळे भरून आले, अक्षरं दिसेनाशी झाली. रडू येतं, रोज येतं, तू आजच ये, असं सगळं त्यांच्या ओठांवर आलं. पण बोटांना पंचवीस वर्षांची सवय. आधी चूक सरळ करायची, मग पुढचं. बोटांनी लिहिलं, "मंगळवार नाही, बुधवार. मंगळवारी ॲडमिट केलं." आणि पाठवून दिलं. मग काका डोळे पुसून चष्मा शोधत आत गेले. चष्मा कपाळावर होता. परत येऊन पुढचं लिहायला घेतलं, तर कसं लिहावं सुचेना. एक वाक्य लिहायचं, खोडायचं. संध्याकाळ झाली. तिकडून उत्तर आलं नाही, दुसऱ्या दिवशी आलं नाही, पुढे आलंच नाही.

याला दोन वर्षं होऊन गेली होती. काकांनी फोन उचलला नाही असं नाही. उचलायचे, तिच्या नावापर्यंत जायचे आणि ठेवून द्यायचे. आपण तोंड उघडलं की आणखी काहीतरी चुकीचं दुरुस्त करू, अशी धास्ती त्यांनी घेतली होती. आणि जरा रागही होता, खोटं कशाला बोला. बुधवार तर बुधवारच होता. मूग गिळून बसायची कला दोघांच्यात सारखीच, बापाकडूनच लेकीला गेलेली.

घर खायला उठायचं. म्हणून काका ऑफिसात सगळ्यांच्या आधी यायचे. झाडणारी बाई लाद्या पुसत असायची, ती पाय उचला म्हणायची आणि काका पाय उचलायचे. मग ते टेबलावरची चाचणीची पाटी, म्हणजे पंपातली मेमरी आणि कंट्रोलर बसवलेला बोर्ड, चालू करायचे, मेमरीचं कुठलंही एक पान वाचायचे आणि पडद्याच्या उजव्या कडेला आकड्यांच्या रांगांत ती सहा अक्षरं दिसेपर्यंत थांबायचे. दिसली की पाटी बंद करून चहा घ्यायला जायचे. दिवसभरात मुलीचं नाव त्यांच्या डोळ्यांपुढे येण्याची तेवढी एकच जागा उरली होती.

अशात मेमरीच्या कारखान्याने कळवलं, की जुनी चिप आता बंद, नवी घ्या. नवी चिप स्वस्त होती आणि नाजूक होती. तिच्यात ठिपके जास्त उलटायचे. आजवर पानाच्या एका तुकड्यात आठ चुका झाल्या तरी काकांची मांडणी त्या सुधारायची. कारखान्याच्या म्हणण्याप्रमाणे नव्या चिपलाही आठ पुरे होते. पण पंप हॉस्पिटलातला, दहा दहा वर्षं चालणारा. इथे नवाची सोय हवी, हे काकांना पहिल्याच वाचनात दिसलं. नवासाठी समासात आणखी आठ बाइट लागत होते. हिशेबाच्या चारांतून ओढूनताणून दोन काढता आले असते. बाकीचे सहा कुठे होते हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

काकांनी आठाचीच मांडणी पाठवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक गोष्ट चुकीची आहे हे माहीत असून पुढे सरकवली. कारण विचारणाऱ्या मॅनेजरला सांगितलं, की कारखाना पुरे म्हणतोय तर पुरे. मॅनेजरला आश्चर्य वाटलं, पण काकांशी वाद घालून कुणाचं भलं झालं आहे? त्याने सही केली. त्या दिवशी काकांचा डबा तसाच घरी परत गेला.

चाचणी भट्टीताईंकडे होती. ऑफिसाच्या तळघरात कपाटाएवढी एक भट्टी आहे. तिच्यात चिपा भाजल्या की दहा वर्षांचं म्हातारपण त्यांना थोड्या दिवसांत येतं. ही भट्टी सांभाळणाऱ्या म्हणून भट्टीताई. वयाने काकांहून बऱ्याच लहान, पण तोंडाने फटकळ आणि नजरेने त्याहून. ऑफिसात काकांना उलट उत्तर देणाऱ्या तेवढ्या एकट्याच. एक दिवस जेवणानंतर त्यांनी काकांना खाली बोलावून घेतलं. खाली गरम होत होतं, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. भाजून काढलेल्या चिपांपैकी काहींची काही पानं वाचताच येत नाहीयेत, असं त्यांनी सांगितलं. चुका आठ नाहीत, नऊ आहेत.

काकांनी नेहमीचा मार्ग धरला. भट्टीचं तापमान जास्त होतं का, चिपा नीट बसवल्या होत्या का, मोजणीत गफलत असेल. ताईंनी एकेक उत्तर दिलं. चूक सापडेना तेव्हा काका म्हणाले की शेवटी इतक्या पानांत अशी पानं किती, बोटावर मोजण्याइतकी. यावर ताईंनी शेजारचा एक जुना पंप पुढे ओढला. कोपरे घासलेला, हॉस्पिटलची चिकटपट्टी अजून पाठीला असलेला. सर्व्हिसला परत आला होता, बरीच वर्षं वापरलेला. तुलनेला म्हणून त्याची मेमरीही वाचली, असं म्हणत त्यांनी पडदा काकांकडे फिरवला.

मजकूर ठणठणीत होता. कुठल्या तरी रोग्याचं औषध, वेळ, वेग, एकही ठिपका इकडचा तिकडे नाही. काकांच्या दुरुस्तीने सगळं जिथल्या तिथे राखलं होतं. पण उजव्या कडेला ती सहा अक्षरं धड नव्हती. काही पानांवर पहिलं अक्षर बदललेलं, काहींवर मधली दोन, काहींवर शेवट पुसून भलतंच चिन्ह आलेलं. ताई पानं पुढे सरकवत गेल्या आणि काका बघत राहिले. दुरुस्तीचं संरक्षण मजकुराला होतं, हिशेबाच्या बाइटांनासुद्धा होतं. त्या सहांना काकांनी ते कधी दिलंच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, लिहिलंय म्हणजे राहील. रोज सकाळी ते कोऱ्या करकरीत पाटीवर नाव वाचून समाधानाने चहा प्यायला जात होते, आणि बाहेर जगभर पंपापंपांतून ते नाव विरत चाललं होतं.

"काका, हा ढब्बू कोण?" भट्टीताईंनी विचारलं.

काकांनी खुर्ची शोधली आणि बसले. राखीव, असं म्हणून टाकावं हे त्यांच्या मनात आलं. ताईंनी पंखा त्यांच्याकडे वळवला.

"ढब्बू म्हणजे माझी मुलगी," ते म्हणाले.

ताईंचा चेहरा बदलला. "गेली का हो?"

"नाही, नाही. आहे. चांगली आहे. माझ्याशी बोलत नाही."

"तिला माहीत आहे हे? इथे तिचं नाव लिहिलंय ते?"

"नाही."

"मग हे लिहिलंय कोणासाठी?"

ताईंनी हे खवचटपणे विचारलं नव्हतं. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. पण काका आपल्या रोजच्या सकाळचं, त्या पाटीचं, पाय उचलून बसण्याचं काय सांगणार? ते तिथे बसून राहिले आणि त्यांना एकदम आपली फार कीव आली. एवढा मोठा बाप्या, आणि पोरीला हाक मारायची तर मशीनच्या समासात, तिला ऐकूच जाणार नाही अशा जागी. ताईंनी पाण्याची बाटली पुढे केली. नवाची मांडणी कधी मिळेल, एवढंच त्यांनी विचारलं, आणि हे आपण वर कुणाला सांगणार नाही हे न विचारता सांगून टाकलं.

नवाची मांडणी करायला काकांना दुपारही लागली नाही. हिशेबाचे दोन बाइट आणि ते सहा, मिळून आठ. पानाच्या चार तुकड्यांना दोन दोन. नाव टाकणारी ओळ त्यांनी आधी एकदा वाचली आणि मग काढली. मग पाटी चालू करून एक पान लिहिलं आणि परत वाचलं. उजव्या कडेला आता दुरुस्तीचे आकडे होते, कुणाला काही अर्थ न लागणारे, पण सगळे कामाचे. मुद्दाम नऊ ठिपके उलटवून पाहिले, नवाचे नऊ सरळ झाले. चांगली मांडणी होती. आजवर केलेल्यांत सगळ्यांत चांगली होती म्हणा ना. काकांनी ती भट्टीताईंना पाठवली आणि उठले.

ऑफिसाच्या मागच्या अंगाला जिना आहे, लिफ्ट झाल्यापासून कुणी वापरत नाही. रंगाचे डबे आणि एक मोडकी खुर्ची, बाकी काही नाही. तिथे उभं राहून काकांनी मुलीला फोन लावला. काय बोलायचं याची त्यांनी तयारी केली होती. आधी क्षमा मागायची, मग पंपाची गोष्ट सांगायची, मग विचारायचं की येतेस का. तिकडे घंटी वाजत राहिली. आता बंद करावा असं वाटत असतानाच तिने उचलला. ती हॅलो म्हणाली तो आवाज अगदी आईचा होता. काकांची सगळी तयारी धुळीला मिळाली.

"ढब्बू," ते म्हणाले.

पलीकडे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "मला त्या नावाने हाक मारू नका. मला ते कधीच आवडलं नाही. शाळेत सगळे चिडवायचे. तुम्हाला किती वेळा सांगितलं मी. रडून सांगितलंय. तुम्ही हसायचात."

काकांना आठवलं. शाळेच्या फाटकाशी ती लहानशी, दप्तर ओढत आलेली, तोंड लाल. तुझे गाल आहेतच तसे, असं ते म्हणाले होते. घरी येऊन ही गंमत त्यांनी बायकोला सांगितलीही होती. जगातल्या सगळ्यांच्या चुका त्यांनी ऐकल्या आणि सरळ केल्या. घरातल्या पोरीने त्यांची एक चूक वर्षानुवर्षं सांगितली, ती त्यांच्या कानापर्यंत पोचलीच नव्हती. हजारो पंपांत त्यांनी तिचं जे नाव जपलं होतं, ते तिला नकोच होतं. पंपाची गोष्ट सांगण्यात आता काही राम उरला नव्हता.

"मग काय म्हणू?" त्यांनी विचारलं.

"मला नाव नाही का?"

नाव होतं. आजी-आजोबांनी, आईने विचार करून ठेवलेलं, सगळ्या कागदांवर असलेलं. काकांनी ते उच्चारलं. शाळेच्या फॉर्मवर ते त्यांनी कितीदा लिहिलं असेल, पण तोंडाने तिला त्या नावाने हाक मारलेली एकही वेळ त्यांना आठवेना. जीभ अडखळली, पहिल्या अक्षराला आवाज चिरकला.

तिकडे तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"हं," ती म्हणाली. "बोला."

"तू बोल," काका म्हणाले. "मी ऐकतो."

बोलायचं खूप असलं की सुरुवात सापडत नाही, हे काकांना समजत होतं. ते थांबले. त्यांना कसलीच घाई नव्हती. थोड्या वेळाने ती म्हणाली की आत्ता ती कामावर आहे, बाहेर लोक खोळंबलेत. रविवारी करा, म्हणाली. आणि फोन ठेवला.

काका जिन्यातच उभे राहिले. वरच्या मजल्यावर कुणाचे तरी बूट वाजले आणि लांब गेले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी ते नाव पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. नीट आलं नाही. मग आणखी एकदा म्हटलं, रविवारपर्यंत जिभेला सवय व्हावी म्हणून.